शिलकी अंदाजपत्रकाचा कोट

सभापतींचा कोट शिवायचं काम वहिनींकडे आलं, कारण घरच्या माणसाला शिलाई द्यावी लागत नाही असा सभापतींचा समज होता. सभापती म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. नगरपालिकेच्या अर्थ समितीवर बसल्यापासून ते घरात पाणीसुद्धा भाषणाच्या सुरात मागत.

वहिनींचं दुकान म्हणजे रस्त्याकडची खोली. दोन मशिनी, कापायचं टेबल, भिंतीवर देवाची तसबीर आणि समोर उंच आरसा. नवरा गेल्यावर याच खोलीच्या जोरावर त्यांनी घर ओढलं, कुणापुढे हात पसरला नाही. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं असेल तर तोंडावर सांगायच्या. तरी गिऱ्हाईक तुटलं नाही, कारण शिवण कधी उसवली नाही.

त्या संध्याकाळी भावोजी आरशासमोर हात पसरून उभे होते आणि वहिनी त्यांच्या बगलेत टाचण्या लावत होत्या. दुसऱ्या दिवशी अंदाजपत्रकाची सभा होती. कोपऱ्यात आक्का काजं करत बसली होती. ही भावोजींची सख्खी बहीण. तिची मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून दोनदा नगरपालिकेच्या बसनं डायलिसिसला जायची.

“एका पैशाची करवाढ नाही, वहिनी! वर शिलकी अंदाजपत्रक!”

“आणि ते नवं स्वच्छता शुल्क?”

“तो कर नाही. शुल्क आहे.”

“अस्सं! खिसा आमचाच, हात घालणाऱ्याचं नाव तेवढं बदललं. बरं, शिल्लक कुठून पडली?”

“काटकसर! इस्पितळाची बस बंद करतोय. रिकामी धावते. वर्षभरात एक तिकीट फाटलं नाही.”

आक्काची सुई थांबली. “अरे, तिकीट कसं फाटेल? आम्हा पेशंटांना मोफत पास आहेत. तूच वाटलेस ना? फोटोसाठी मला तीनदा हसायला लावलंस!”

भावोजींनी चमकून मान वळवली आणि टाचणी टोचली.

“हलू नका,” वहिनी म्हणाल्या. “पास वाटताना माणसं दिसली, आणि मोजताना बस रिकामी? डोळे तपासून घ्या, भावोजी. इस्पितळात जायला बस आहे अजून.”

“कागदावर तसंच आलं होतं हो. समितीनं मंजूरही केलं. आता आक्कासाठी मी माझी गाडी पाठवीन.”

“आणि माझ्या शेजारी बसतात त्या म्हाताऱ्या मास्तरांसाठी?” आक्का म्हणाली. “त्यांचा भाऊ कुठे सभापती आहे? मी नाही बसायची तुझ्या गाडीत. उद्या आम्ही सगळे पेशंट सभेला येतो. पास गळ्यात अडकवून समोरच बसतो. तुमची रिकामी बस कशी दिसते, ते लोकांनाही बघू दे.”

भावोजींना दरदरून घाम फुटला.

“अस्तर खराब होईल,” वहिनी म्हणाल्या आणि फडकं पुढे केलं.

“बघतो,” भावोजी पुटपुटले. हा शब्द वहिनींनी आजवर कधी मनावर घेतला नव्हता. तरी कोट त्यांनी वेळेवर दिला. कामात खोट ठेवली तर आपल्यात आणि समितीत फरक काय?

दुसऱ्या दिवशी भावोजी नव्या कोटात उभे राहिले. बसच्या कलमाशी आले, समोर गळ्यात पास अडकवून बसलेल्या पेशंटांकडे बघितलं आणि म्हणाले, “ही फेरी कायम ठेवावी, अशी माझी पहिल्यापासून आग्रहाची भूमिका आहे.” पहिल्यापासून! समितीतले बाकीचे माना डोलवू लागले. कालपर्यंत ह्याच माना उलट्या कलमाला डोलत होत्या. शुल्क मात्र तसंच राहिलं. त्यालाही टाळ्या पडल्या.

आठवड्यानं घरोघर पत्रक आलं: ‘सभापतींच्या अथक प्रयत्नांनी बसफेरी वाचली.’

“कुणापासून वाचली, ते छापायचं राहिलं वाटतं,” वहिनी म्हणाल्या. मग तसबिरीकडे बघून हात जोडले. “तू काम करून घेतलंस, उपकार झाले. पण हत्यार किती बोथट निवडलंस रे बाबा!”

आक्का ऐकायला थांबली नव्हती. कोपऱ्यावर बस आली होती, आणि मास्तर खिडकीतून हात काढून तिला लवकर चल म्हणून खुणावत होते.