मागच्या सीटवर भागाआत्या

मुलगी बघायला गेल्यावर भागाआत्या मुलीकडे बघतच नसे. पाव्हणे ओटीवर पोह्यांच्या बशा धरून अवघडून बसलेले, मुलगी मान खाली घालून उभी, आणि ही बाई "जरा पानी पिऊन येते" म्हणून सरळ स्वयंपाकघरात शिरायची. तिथून बाहेर आली की निकाल तयार असायचा. "पोरी काय, सगळ्यांच्याच चांगल्या असतात. घर बघायचं." पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. तिथल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या निम्म्या सोयरिकी तिनेच जमवल्या होत्या, आणि त्यातली एकही मोडली नाही असं ती छातीठोकपणे सांगायची. दोन मोडल्या होत्या. त्या ती धरत नसे.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडिलांचं पोलादपुरात हार्डवेअरचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकाशी वाद घालण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, पण आक्का दुकानात आली की ते खुर्चीवरून उठून सिमेंटच्या पोत्यावर बसत.

एकदा तिने एका नवऱ्यामुलाचं घोरणं मुलीकडच्यांपासून लपवलं. लग्नानंतर मुलीचा बाप भांडायला आला, तर हिने त्यालाच चहा पाजला. "घोरन्यानं संसार मोडत नाय रे बाबा. सांगितलं असतं तर लगीन मोडलं असतं." नंतर मला म्हणाली, "सोयरीक जमवायची तर एक खोटं बोलाय लागतं. पन एकच. आनि ते मधल्या मानसानं बोलायचं, घरच्यांनी नाय." हा तिचा कायदा होता आणि दुसऱ्याने मोडलेला तिला अजिबात खपत नसे.

मला महाडच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि दोनेक वर्षांत माझ्या डोक्यात जपानी स्पोर्ट्‌स बाइक शिरली. तीनशे सीसी, दोन सिलिंडर, अंगभर प्लास्टिकचं चिलखत. नवी झेपणारी नव्हती, म्हणून जुनी. महिनाभर मी जेवतानासुद्धा जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघत होतो. वडिलांनी एकदा मोबाइलमध्ये डोकावून फोटो पाहिला.

"ही गाडी आहे की टोळ?" ते म्हणाले. "आरसा फुटला तर जपानला जायचं का?"

"पार्ट पुण्याला मिळतात, बाबा."

"आणि मागचा माणूस कुठे बसणार? ती सीट आहे की पाव? ज्या गाडीवर घरातलं माणूस बसू शकत नाही, ती घरात कशाला?"

मागची सीट खरंच पावाएवढी होती. मी दोन दिवस तोंड पाडून हिंडलो, तेव्हा वडिलांनी पेच टाकला. "आक्काला पसंत पडली तर घे. तिचा शब्द शेवटचा." आंबेनळी घाटातून रविवारी बोंबलत जाणाऱ्या गाड्यांना आत्या शिव्या घालते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मलाही होतं. गाडी गेली असं समजूनच मी वाडीवर गेलो.

आत्या नाचणी पाखडत होती. सगळं ऐकून घेऊन तिने फक्त एक विचारलं. "नवी नाय?"

"नाही. वापरलेली."

"म्हंजे एकदा नांदून आलेली." तिने सूप खाली ठेवलं. "मंग का धाडतायत ते कळाय पायजे. चल, घर बघू."

पहिलं स्थळ महाडातलं. गाडी अशी चकचकीत, की माझा जीव तिच्यात अडकला. साखळी, टायर, हँडलच्या टोकांवरचे ओरखडे, शिकलेलं सगळं मी तपासलं. मालक माझ्याच वयाचा, गोड बोलणारा. महाडात, सावित्रीच्या काठी, जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो, तो मी विचारला. "पुरात होती का?"

"छे छे, तेव्हा गाडी पुण्याला होती."

आत्या पाणी प्यायला आत गेली होती. चांगली अर्धी घटका तिचं पाणी पिऊन होईना. आतून दोन बायकांच्या हसण्याचे आवाज येत होते. मी खिशातली विसाराची रक्कम चाचपत असतानाच ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"ऊठ रे. चा झाला."

"आत्या, अगं गाडी..."

"गाडी झ्याक हाय. पन ह्याची आई सांगत व्हती, पुराच्या रातीला समदी मानसं माळ्यावर आनि गाडी खाली. पोरगा दोन दिस जेवला नाय म्हने." मग त्या मुलाकडे वळून शांतपणे म्हणाली, "एकदा सावित्रीला दिलेली पोरगी आमाला नको, बाबा." मुलगा आतल्या दाराकडे बघत राहिला. आतून त्याची आई विचारत होती, "लाडू देऊ का गो आक्का, वाटेत खायला?" आत्याने लाडू घेतले.

दुसरं स्थळ वरंधचं. सुभाष नावाचा मुलगा. मुंबईला नोकरीला होता, वडील गेल्यावर शेती आणि आई सांभाळायला परत आलेला. त्याला आता भाड्याने चालवायला पिकअप टेम्पो घ्यायचा होता, म्हणून गाडी काढत होता. निळी गाडी पडवीत जुन्या चादरीखाली उभी होती. मी गार इंजिन चालू करून ऐकलं, पुढचे शॉक दाबून बघितले. टाकीवर एक पोचा होता. मी विचारण्याआधीच त्यानं सांगितलं, "आंब्याची पेटी पडली वरून. माझ्याच हातून."

आणि मग तोच मला विचारू लागला. ठेवणार कुठे? पावसात बाहेर राहील का? घाटात दामटवणार का? मी वैतागलो. विकतोय हा, आणि परीक्षा माझी.

तेवढ्यात आत्या बाहेर आली. त्याच्या आईने आत सांगितलं होतं, "सकाळी उठला का तोंड धुवायच्या आधी गाडी पुसतो. माझी इचारपूस मागनं." आत्याने मला बाजूला घेतलं. "हीच घे. ज्याला देताना जड जातं, त्याच्याकडनं घ्यावी."

मी सुभाषच्या हातात विसार ठेवला, पण शब्द आत्याचा असला तरी वडील उरलेच होते. ते पावाएवढ्या सीटचं विचारणार हे ठरलेलं होतं. आत्यालाही ते माहीत असावं. ती गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "मी मागं बसून येते."

"आत्या, एका बाजूला पाय सोडून नाही बसता येत ह्याच्यावर."

"कासोटा कशाला असतो मंग?" असं म्हणून नऊवारीवाल्या त्या साठीच्या बाईने सुभाषच्या खांद्यावर हात ठेवला आणि टांग टाकली. सुभाषचं हेल्मेट तिच्या अंबाड्यावरून उतरेना, तेव्हा तिने अंबाडा सोडला. वरंधची चार घरं दारात येऊन उभी राहिली.

वरंधपासून पोलादपूरपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. झोपेतसुद्धा बोलणारी बाई गप्प, म्हणजे खुशीत असणार, असं मला वाटलं. खड्डा आला की तिची बोटं माझ्या खांद्यात रुतत तेवढंच. दुकानासमोर गाडी थांबवली तेव्हा वडील पायरीवर उभे होते. आत्या उतरली, शटरची चौकट धरून जरा वेळ लुगडं सारखं करत राहिली.

"आक्का, मागे बसायला कशी आहे?" वडिलांनी विचारलं.

"पाटावर बसल्यासारखी," ती म्हणाली. "वाटंत डोळा लागला माझा. पेढे आन जा."

वडील पेढे आणायला गेले. गाडी घरात आली.

त्यानंतर तिने एक नियमच घालून दिला. दिवाळीला गाडी वरंधला न्यायची, कारण ते गाडीचं माहेर. सुभाष तिला ओवाळायचा, मग तासभर फिरवून आणायचा, आणि आत्या त्याच्या आईपाशी बसून फराळ हाणायची. पण आत्या यायची एसटीने. कितीदा म्हटलं, बस मागे. "नको रे. मला खिडकी लागते." म्हातारपणाची लहर, असं म्हणून मी सोडून दिलं.

गेल्या भातकापणीनंतर ती गेली. भारे बांधून झाले, दुपारी पडवीत आडवी झाली, ती उठलीच नाही. माझ्या लग्नासाठी तिने तीन घरचं पाणी प्यायलं होतं. चौथं राहिलं.

बाराव्याला सुभाष आला. पिकअप भाड्यावर गेली होती, म्हणून एसटीने. जेवणं झाल्यावर मी त्याला वरंधला सोडायला निघालो आणि गाडीपाशी आल्यावर, का कोण जाणे, चावी त्याच्या हातात दिली. "तूच चालव."

आपल्याच गाडीच्या मागे कोण बसतं? मी कधीच बसलो नव्हतो. पोलादपूरची वेस ओलांडायच्या आत माझे गुडघे छातीशी आले होते. सीटची कड मांडीत रुतत होती. पहिल्या खड्ड्याला माकडहाडातून कळ निघाली ती थेट मानेत गेली, आणि धरायला सुभाषच्या खांद्यांशिवाय काही नव्हतं. पुढचा खड्डा दिसला आणि माझी बोटं आपोआप त्याच्या खांद्यात रुतली. तेव्हा मला ते एक खोटं सापडलं. मला आधी हसू आलं आणि मग काही केल्या आवरेना. पाटावर बसल्यासारखी म्हणे. डोळा लागला म्हणे.

राजेवाडीच्या फाट्याला सुभाषने वेग कमी केला आणि मान अर्धी वळवली. "नीट बसलायस ना रे?"

"पाटावर बसल्यासारखा," मी म्हटलं, आणि हेल्मेटची काच खाली ओढली.