बर्मिंगहॅमचा दुधाचा जग आणि घासलेलं नाव

लग्नाला तीन महिने उरले आणि इराने फर्मान काढलं, "आई, मला जुना इंग्लिश चांदी पाहिजे. दुधाचा छोटा जग." लेक इथे इंग्लंडात, वॉटफर्डलाच जन्मलेली, तेव्हा चांदी तिच्या तोंडी 'जुना'च.

'अँटिक' शब्द ऐकला की मी पर्स घट्ट धरते. तरी शनिवारी आम्ही दोघी निघालो. वॉटफर्ड जंक्शनहून बर्मिंगहॅमला थेट ट्रेन आहे. तिकीट मात्र आगाऊ काढा, आयत्या वेळी अक्षरशः लुटतात. स्टेशनपासून दागिन्यांच्या जुन्या पेठेत चालत जाता येतं. खायला दशम्या नेल्या होत्या, स्टेशनवरच्या सँडविचवर माझा विश्वास नाही.

दुकानदार म्हातारा, भलताच गोडबोल्या. तिथेच माझा संशय बळावला. जगाच्या बुडाशी चालत्या सिंहाचा छाप, म्हणजे चांदी अस्सल. शेजारी जहाजाचा नांगर, म्हणजे घडण बर्मिंगहॅमची. पोटावर गुलाबांची उठावाची नक्षी, मधोमध मात्र कोरं. एवढ्या नक्षीत कोरं कशाला ठेवतील? पाणी कुठेतरी मुरत होतं. व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे मी त्या जागेवर तोंडाची वाफ सोडली. धूसर अक्षरं उमटली!

"पकडलं!" मी चक्क मराठीत ओरडले.

म्हाताऱ्याने जगाला बांधलेली किमतीची चिठ्ठी पुढे केली. "आधीच्या मालकिणीची अक्षरं, मॅडम. विकताना घासून काढली. चिठ्ठीवर लिहिलंय, म्हणून तर स्वस्त." चिठ्ठी मीच वाचली नव्हती. "नवं नाव कोरून देऊ?"

"हो, इरा पाटणकर," जावयाचं आडनाव सांगून मी मोकळी झाले.

"आई, मला विचारलंस तरी? मी नाव नाही बदलणार. माझा पण असाच घासणार तू?"

"अगं, आपल्यात भांडी हरवू नयेत म्हणून नावं घालतात. घासत नाहीत!"

"तुझा घासला ना."

लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि कुंदाची मी मेघना झाले. त्याचं काही वाटलं नाही, असं तीस वर्षं सांगत आलेय. साफ खोटं! त्या दुकानात मला रडू फुटलं.

जगावर नुसतं 'इरा' कोरून घेतलं, तासाभरात मिळालं. जग छान आहे, दूध ओघळत नाही.

घरी आल्या आल्या ह्यांना विचारलं, "लग्नाआधीचं माझं नाव आठवतंय का हो?"

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"'श'वरून काहीतरी होतं ना गं?"