तपासणाऱ्याची सही

भीमराज तायडेचं म्हणणं असं, की त्याला माणसाचा राग येत नाही, चुकीचा येतो. घरातल्यांना हा फरक आजवर कधी दिसला नव्हता. चूक सापडली की त्याच्या कानशिलाजवळची शीर उभी राही, आवाज चढे, आणि त्या आवाजासमोर चूक नव्हे, माणूसच उभा असे. बहुतेक वेळा तो माणूस म्हणजे त्याची मुलगी तेजल.

मुलुंड कॉलनीत डोंगराच्या अंगाला त्यांची दोन खोल्यांची जागा. भीमराजचे वडील अकोल्याकडून आले आणि जन्मभर कंत्राटदाराच्या हाताखाली राबले. भीमराज आयटीआय करून भांडुपच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला लागला आणि पंचवीस वर्षांत लाइनचा इन्चार्ज झाला. त्या कंपनीची एक पद्धत होती. एका औषधाचं पॅकिंग संपून दुसऱ्याचं सुरू व्हायचं असलं, की आधीच्या औषधाची एकही पट्टी, लेबलचा एक तुकडाही लाइनवर राहिलेला चालत नसे. एकाने साफ करायचं, दुसऱ्याने येऊन बघायचं. कागदावर दोन रकाने: 'केले' आणि 'तपासले'. दोन रकान्यांत दोन माणसांच्या सह्या पडल्याशिवाय मशीनचं बटण दाबायचं नाही.

नोकरीच्या चौथ्या वर्षी भीमराजने एकदा न बघताच 'तपासले'मध्ये सही ठोकली होती. जेवणाची सुट्टी तोंडावर आली होती, एवढंच कारण. आधीच्या औषधाची माहितीपत्रकं नव्या खोक्यांत गेली, चार हजार खोकी हाताने फोडावी लागली, आणि साहेबाने सगळ्या लाइनसमोर उभं करून त्याला मेमो वाचून दाखवला. त्या दिवसानंतर त्याच्या सहीत कधी खोट निघाली नाही. त्याने आयुष्यात कमावलेलं सगळ्यांत मोठं काही असेल तर ते हेच, असं तो मानत असे, आणि ते खरंही होतं.

आता अशा माणसाच्या पोटी तेजल यावी! ती मठ्ठ असती तर तो कपाळाला हात लावून गप्प बसला असता. पण पोरगी हुशार होती, आणि खरा ताप तोच होता. नववीच्या वार्षिक परीक्षेचे पेपर शाळेने बघायला दिले तेव्हा भीमराज लाल पेन घेऊन बसला. उणे चिन्ह खालच्या ओळीत येताना गळालेलं. छत्तीसचे त्रेसष्ट झालेले. एका गणितात मुलीचं वय विचारलं होतं, हिने वडिलांचं काढून दिलं आणि खाली दोन रेघा मारून मोकळी झाली. पान उलटायचं राहिलं म्हणून एक अख्खा प्रश्न तसाच कोरा.

"चौदा मार्क गेले!" त्याने पेन आपटलं. "येत नसतं तर मी एक शब्द बोललो नसतो. येतंय तुला! येतंय आणि तिथे सोडून येतेस!"

"घाईत होतं ना पप्पा. सगळ्यांचं होतं."

"सगळ्यांचं होतं म्हणून आपण पण करायचं? औषधात असं झालं तर माणूस मरतो."

"मी औषध नाही बनवत. बीजगणित करते."

आत भाकऱ्या थापणारी माणिक, त्याची बायको, हे ऐकून हसली. मग त्या संध्याकाळी कोणाचं काही खरं नव्हतं.

दहावीचं वर्ष सुरू झालं तसा भीमराजने कंपनीच घरी आणली. तेजलने प्रत्येक गणिताच्या खाली दोन लहान गोल काढायचे. गणित सोडवून झालं की डाव्या गोलात तिने 'ते' लिहायचं. मग भीमराज वही घेई, प्रश्नातले आकडे बरोबर उतरलेत का, चिन्हं जागेवर आहेत का, जे विचारलंय तेच काढलंय का, हे बोट ठेवून बघे, आणि उजव्या गोलात 'भी' लिही. 'भी' पडल्याशिवाय पुढचं गणित नाही. कामावरून संध्याकाळी सहाला आला की चहा घ्यायच्या आधी तो वही मागे.

पद्धत वाईट होती असं म्हणता येणार नाही. दिवाळीपर्यंत तेजलच्या चुका निम्म्यावर आल्या. पण त्या घरातलं हसणंही निम्म्यावर आलं, त्याचा हिशोब कोणी ठेवला नाही. एकदा उत्तरापुढे 'सेमी' लिहायचं राहिलं म्हणून त्याने तिला सबंध पेपर पुन्हा लिहायला लावला. ती रडायला लागली.

"रडून सेमी येणार नाही," तो म्हणाला.

"अहो, पोरगी आहे ती, मशीन नाही," माणिक मध्ये पडली.

"मशीन असती तर बरं झालं असतं. मशीनला एकदा सांगितलं की कळतं."

हे बोलल्यावर त्याला स्वतःलाच कसंतरी झालं, पण बोललेलं परत घ्यायची सवय त्याला नव्हती.

जानेवारीत शाळेची सराव परीक्षा झाली. पेपर हातात आला तर गोल कुठेच नाहीत, आणि एक उणे पुन्हा गायब.

"गोल कुठे गेले?"

"पेन्सिलने काढले होते. शेवटी खोडले."

"का?"

"बाई म्हणाल्या की..."

"बाईंचं सोड. उणे दिसतंय का तुला? गोल खोडलेस, उणे पण खोडलं गेलं. बोर्डाला पेनाने काढायचे. पेनाने! मी उत्तरपत्रिका बघणार नाही, पण तू घरी आल्यावर पहिलं तेच विचारणार."

तेजलने तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाली, "पण तिथे तुम्ही नसणार. 'भी' कोण लिहिणार?"

"तूच. आधी पेन खाली ठेवायचं. दहा आकडे मोजायचे. मी बाजूला बसलोय असं समजून पहिल्या ओळीपासून बघायचं. जे मला दिसलं असतं ते तुला दिसलं पाहिजे. मगच माझी सही करायची."

या उत्तरावर तो स्वतःवरच इतका खूश झाला, की दुसऱ्या दिवशी कंपनीत दोघातिघांना त्याने ते ऐकवलं.

मार्चमध्ये बीजगणित झालं, मग भूमिती. दोन्ही दिवस त्याने अर्धी रजा टाकली आणि शाळेच्या फाटकापाशी उभा राहिला. तेजल बाहेर आली की त्याचा एकच प्रश्न, "सह्या?" आणि तिचं एकच उत्तर, "केल्या." भूमितीच्या दिवशी त्याने अर्धा किलो जिलेबी नेली. उरलेलं आता फक्त निकालाचं, असं त्याने धरून टाकलं. तेजलला पॉलिटेक्निकला जायचं होतं, आणि गणिताचे गुण आले की ते कोणी अडवणार नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी शाळेतून फोन आला. मुख्याध्यापिकेच्या टेबलावर बोर्डाचं पत्र होतं आणि बाजूला तेजल मान खाली घालून उभी. भीमराजने पत्र वाचायच्या आधीच तिच्यावर तोंड टाकलं. "कॉपी केलीस? खरं सांग!"

"तायडे, बसा आधी," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "कॉपी नाही. तिच्या दोन्ही उत्तरपत्रिकांत प्रत्येक गणिताखाली दोन सह्या आहेत. दोन वेगवेगळ्या. उत्तरपत्रिकेत नाव, सही, ओळख पटेल अशी कसलीही खूण करायची नाही, हे पहिल्याच पानावर छापलेलं असतं. आम्ही वर्गात वाचूनही दाखवतो."

भीमराज बसला. पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांत ऐकू आलं. चौकशीला बोलावलं आहे. पालकांनी सोबत यायचं. गणिताचे गुण रद्द होऊ शकतात. गणित गेलं की दहावी गेली, दहावी गेली की पॉलिटेक्निक गेलं.

चौकशीच्या तारखेपर्यंत नऊ दिवस होते. ते त्याने रागावण्यात घालवले. पेपर तपासणाऱ्यावर रागावला: पोरीने काळजी घेतली तर तिला चोर ठरवतात! नियम करणाऱ्यांवर रागावला. शाळेवर रागावला. माणिकवर रागावला, कारण ती काही बोलत नव्हती. सातव्या दिवशी रागवायला कोणी उरलं नाही. त्याने पोरीकडून साठ-सत्तर सराव पेपर सोडवून घेतले होते, सगळे साध्या फुलस्केप कागदावर. खऱ्या उत्तरपत्रिकेचं पहिलं पान कसं असतं, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. लाइनवरच्या कुठल्या पोराने अशी सूचना न वाचता काम सुरू केलं असतं तर त्याने त्याला घरी पाठवलं असतं. त्याला स्वतःची भयंकर चीड आली, आणि ती कोणावर काढता येईना.

चौकशीला टेबलामागे तिघे होते. मधल्या मॅडमनी बीजगणिताची उत्तरपत्रिका उघडून तेजलसमोर ठेवली. भीमराज तिच्या शेजारीच बसला होता.

"हे 'ते' म्हणजे?"

"मी. तेजल."

"आणि हे 'भी' कोणी लिहिलं? पर्यवेक्षक? वर्गातलं कोणी?"

"मीच लिहिलं. पण ते पप्पांचं आहे."

भीमराज उठून उभा राहिला. "मॅडम, चूक माझी आहे. मी शिकवलं तिला. आमच्या कंपनीत एक जण करतो, दुसरा तपासतो. पोरगी घाईत चुका करायची, म्हणून मी..." त्याने दोन्ही रकाने, दोन्ही गोल, दहा आकडे, सगळं सांगितलं. सांगताना ते पूर्वीइतकं शहाणपणाचं वाटेना. नियम आपल्याला माहीत नव्हता, आणि पोरीलाही माहीत नसणार, असंही तो म्हणाला.

मॅडमनी ऐकून घेतलं. मग तेजलकडे वळल्या. "बाळा, पहिल्या पानावरची सूचना वाचली नव्हतीस?"

"वाचली होती."

"मग?"

तेजल टेबलाकडे बघत म्हणाली, "मी बाहेर आले की पप्पा विचारणार होते, सह्या केल्या का. नाही म्हटलं असतं तर..." तिने पुढचं सोडून दिलं. "खोटं बोलले असते तर त्यांना कळलं असतं. मला वाटलं, बोर्डाला बहुतेक कळणार नाही."

डावीकडचे गृहस्थ चष्मा पुसायला लागले. भीमराज उभा होता तो खाली बसायचंच विसरला. पोरीने नियम वाचला होता, समजून घेतला होता, आणि दोन भीतींमधली मोठी कुठली ते बघून तो मोडला होता. यात निष्काळजीपणा कुठेच नव्हता.

तिघांनी दोघांना बाहेर बसवलं, पंधरा मिनिटांनी आत घेतलं. अक्षर सगळीकडे तिचंच आहे, हेतू वाईट दिसत नाही, लेखी समज देऊन गुण कायम ठेवत आहोत, असं मॅडमनी सांगितलं. भीमराजने हात जोडले. एका कागदावर त्याची सही घेतली, ती त्याने कागद न वाचताच केली.

बाहेर ऊन रणरणत होतं. बसस्टॉपवर दोघांशिवाय कोणी नव्हतं. वर्ष वाचलं होतं. तेजलला काहीतरी सांगायला हवं, हे त्याला कळत होतं, आणि पंचवीस वर्षांत लोकांना त्यांच्या चुका दाखवण्यापलीकडे आपण काही बोलायला शिकलोच नाही, हेही तिथेच कळत होतं.

"पप्पा," तेजल म्हणाली, "मॅडमनी जे पान उघडलं होतं ना, ते शेवटचं गणित होतं. चार मार्कांचं. बरोबर होतं का? तुम्ही बघितलं असेल ना."

त्याने आठवून बघितलं. पान अर्धा तास डोळ्यांपुढे होतं. पण त्यातला एकही आकडा त्याला आठवेना, चिन्ह नाही, उत्तर नाही. आठवत होतं फक्त त्या लहानशा गोलात तिने जपून काढलेलं 'भी'.

"नाही गं," तो म्हणाला. "नाही बघितलं."

तेजलने दचकून त्याच्याकडे पाहिलं आणि आता तो चिडणार म्हणून खांदे आवळून घेतले. तो चिडला नाही. तरी बस येईपर्यंत तिचे खांदे तसेच आवळलेले होते.