हरसूलला न पोचलेली बातमी

चार अर्ज टेबलावर उघडे होते. चार वेगळी वर्तमानपत्रं, चार वेगळी नावं. सोबत जोडलेल्या बातम्या मात्र सगळ्या एकाच हाताच्या.

"म्हणजे चोरी," रेवती मॅडम म्हणाल्या. "चौघांना बाद करा सर."

मॅडम नाशिकच्या एका ट्रस्टच्या संचालक. हा ट्रस्ट दुर्गम भागातल्या पत्रकारांना वर्षभराची फेलोशिप देतो. दरमहा मानधन आणि सोबत प्रशिक्षण. मी एका दैनिकाच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानात लावण्याच्या कामावर, नोकरी संपवली. आता ट्रस्टचे अर्ज वाचतो. पत्नी गेल्यापासून घरी वाचन होत नाही. तिथे होतं.

मी मॅडमना तालुक्याची पद्धत सांगितली. गावोगावच्या वार्ताहराला बहुधा पगार नसतो. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती आणल्या तर त्यावर कमिशन. त्यामुळे चार पेपरांचे चौघे एका गाडीने जातात, एकजण लिहितो, बाकीचे पहिली ओळ बदलून पाठवतात. याला चोरी म्हणायचं तर अर्जच उरणार नाहीत.

"मग तुम्ही अडलात कुठे?"

"लिहिणारा यातला कोण, तिथे."

खरं तर अडण्याचं कारण दुसरं होतं. प्रत्येक बातमीत एक आवाज होता. पाणीटंचाईच्या बातमीत, झऱ्यातलं पाणी वाटीने हंड्यात भरताना वाटी खडकाला घासते, तो आवाज. बंद पडलेल्या आरोग्य उपकेंद्राच्या बातमीत, वाऱ्याने दारावर आपटणाऱ्या कुलपाचा. वार्ताहर आकडे लिहितात, उपस्थितांची नावं लिहितात. आवाज कोणी लिहीत नाही.

तसं लिहायला सांगणारी एकच व्यक्ती मला माहीत होती. माझी पत्नी हरसूलच्या शाळेत मराठी शिकवायची. रोज एसटीने नाशिकहून त्र्यंबकमार्गे जायची, संध्याकाळी परत. "निबंधाआधी डोळे मिटा. ऐकू येईल ते पहिलं लिहा," असं मुलांना सांगायची. तिने तपासायला आणलेल्या वह्या मी चहा घेताना चाळायचो. मागच्या हिवाळ्यात ती गेली.

मॅडमना यातलं काही बोललो नाही. चार दिवस मागून घेतले.

टंचाईची बातमी ज्याच्या नावावर होती, त्या दिलीपला फोन लावला.

"ही तुम्ही लिहिलीत?"

"म्हणजे काय सर! वर नाव हाय ना माझं."

"वाटी घासल्याचा आवाज तुम्ही ऐकलात?"

तो म्हणाला, "मी गाडीजवळ थांबलो होतो. लय उतार हाय सर तिथं. गुडघे ऐकत नाय माझे."

"मग खाली कोण गेलं?"

"यमुना. आमची टायपिंगवाली."

दुसऱ्या दिवशी मी हरसूलची बस धरली. आठवडे बाजार होता. स्टँडजवळ यमुना भोयेचं झेरॉक्सचं दुकान. तिशीची बाई. समोर सातबाऱ्यासाठी आलेल्यांची रांग. मी ट्रस्टचा माणूस आहे एवढंच सांगितलं आणि रांग संपेपर्यंत बाकावर बसलो.

"चौघांच्या अर्जांतल्या बातम्या तुमच्या ना?"

"मी फक्त टाइप करते साहेब."

"आणि ते आवाज?"

ती हसली. "ती सवय हाय. शाळेतली. आम्हाला सोनवणे बाई होत्या. नाशिकच्याच. तुम्हाला माहीत असतील."

"माझी पत्नी."

ती उभीच राहिली. "अगं बाई! कशा हायेत बाई?"

मी सांगितलं. प्रिंटरमधून कोणाचातरी कागद बाहेर येत होता, तो तिने घेतला नाही. खाली पडला.

"कधी?" मग, "आम्हाला कुणी कळवलंच नाय. पेपरात पण नाय आलं. मी रोज पाच पेपर वाचते."

आलं होतं. निधनवार्ता मीच लिहून दिली होती. पण शहर आवृत्तीत. दैनिकाच्या आवृत्त्या वेगळ्या असतात. नाशिकच्या घरात येतो तो पेपर आणि हरसूलच्या स्टँडवर येतो तो, यांची आतली पानं वेगळी. कोणती बातमी कोणत्या पानावर जावी, हे ठरवणं हेच माझं आयुष्यभराचं काम. आणि त्या दिवशी तिची माणसं कुठे आहेत, हे मला सुचलं नव्हतं.

तिने खाली पडलेला कागद उचलून ठेवला. मग मी विचारलं, "तुम्ही अर्ज का केला नाहीत?"

"चौघांचे अर्ज मीच भरले. अटी वाचल्या. पेपरचं नियुक्तीपत्र पायजे. पाच बायलाइन पायजेत." बायलाइन म्हणजे बातमीवर छापलेलं लिहिणाऱ्याचं नाव. "माझी एक पण नाय. मी दरीत उतरून वर येते आन नाव छापतं दिलीपभाऊंचं. पहिल्यांदा वाईट वाटलं होतं."

"आता?"

"आता पण वाटतं."

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांना पटलं, पण अट देणगीदाराची होती. "बायलाइनशिवाय फेलो करताच येणार नाही सर. माझ्या हातात नाही." मी नियमपुस्तिका घरी नेली. बऱ्याच महिन्यांनी घरी काहीतरी वाचलं. फेलोसाठी पानभर अटी होत्या. प्रशिक्षकासाठी एकच ओळ: विषयाची जाण असलेली व्यक्ती.

"फेलोंना शिकवायला टायपिंगवाली?" मॅडम म्हणाल्या.

"आजही त्यांच्या बातम्या तीच लिहिते. फक्त आता आपण मानधन देऊ, आणि ती लिहील ते तिच्या नावाने जाईल."

मॅडमनी पुस्तिका दोनदा वाचली. मग सही केली.

चौघांना फेलोशिप मिळाली. दिलीपचा फोन आलाच. "यमुनाकडून शिकायचं? सर, ती आमच्या बातम्या टाइप करती!"

"म्हणूनच."

पहिला वर्ग झऱ्यावर झाला. दिलीप बसत, धरत उतरला. "भाऊ, परत वर पण चढायचंय," यमुना म्हणाली, तसे बाकीचे तिघे हसले. मग ती म्हणाली, "डोळे मिटा. ऐकू येईल ते पहिलं लिहा." शब्द तेच, 'पहिलं'वरचा जोरही तोच. मीही डोळे मिटले. वाटी घासत होती. दिलीपला धाप लागली होती. आणखी एक आवाज मी बराच वेळ शोधला. तो नव्हता.

महिनाभराने यमुनाने स्वतःच्या नावाची पहिली बातमी पाठवली. ती मी माझ्या जुन्या डेस्कवर नेऊन दिली. ग्रामीण पानाच्या प्रमुखाने वाचली आणि चष्मा काढला.

"सर, वहिनींना जाऊन सहा महिने झाले. बातमी जुनी झाली."

"हरसूलला अजून पोचलेली नाही. तिथे ताजीच आहे."

त्याने लावली. पहिलं वाक्य असं होतं: घाटात एसटीने गिअर बदलल्याचा आवाज आला की आम्ही वह्या काढायचो, कारण बाई आल्या. 

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला फक्त सकाळी ती निघताना दाराची कडी लागल्याचा माहीत होता.

यमुनाच्या पाच बायलाइनपैकी एक झाली. नवीन माणसं शिकायला येतात तेव्हा मी त्यांना एवढंच सांगतो: बातमी छापली म्हणजे पोचली असं समजू नका. आधी विचारा, कोणत्या आवृत्तीत.