नॉर्वेच्या पगाराची राहात्यात चौकशी

चिपळूणहून निघताना बहीण म्हणाली, "तिथे पगारावर प्रवचन देऊ नकोस. लग्न जमवून ये." तिचंही बरोबर होतं. कोषागारात पगारबिलं तपासण्यात माझी हयात गेली, त्यामुळे नोकरीचा विषय निघाला की माझी जीभ आवरत नाही. या वेळी नोकरी तिच्याच मुलाची, निखिलची होती. तो नॉर्वेत नगरपालिकेच्या वृद्धाश्रमात नर्स आहे. पुण्यात त्याच्याबरोबर शिकलेल्या मोनालीशी त्याचं ठरलं होतं. पण तिच्या वडिलांचा होकार नव्हता, आणि त्यांना दुखवून लग्न करणार नाही असं तिने स्वच्छ सांगितलं होतं.

पुण्यात गाडी बदलली. नगर मागे पडलं तसं आभाळ मोठं झालं. कोल्हारला प्रवरा ओलांडली, दोन्हीकडे ऊस आणि पुढे पेरूच्या बागा लागल्या. राहात्याला उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. वरमावशी निघाली लंगडत! घ्यायला आलेल्या मोनालीने हसू दाबत स्वतःची चप्पल मला दिली आणि अनवाणी स्कूटर चालवली. तिथेच ती मला पसंत पडली.

वडील, म्हणजे आबा, निवृत्त पाटकरी (कालव्याची दारं उघडून शेतांना पाणी सोडणारा सरकारी माणूस). त्यांच्या पत्नी लताबाईंनी शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची वेटोळी, लसणाच्या रश्श्यात शिजवलेली) वाढली.

"तिखट झालं का ओ?"

"छे, छे!" म्हणत मी तांब्याभर पाणी संपवलं.

हात धुतल्यावर आबांनी विषय काढला. "म्हातारी मानसं सांभाळायला सरकार पगार देतं? मग त्यांची पोरं काय करत्यात?"

"त्यांतलीही बरीच सरकारी नोकरीत!" झालं, माझी गाडी सुटली. मागच्या उन्हाळ्यात मी निखिलकडे राहून आले होते ना! तिकडे काम करणाऱ्यांत साधारण तिसरा माणूस सरकारी पगारावर. आपल्याकडे त्या मानाने मूठभर. पण सरकारी नोकर आणि खासगीत राबणारा यांच्या पगारात केवढी दरी! तिथे साहेब आणि सफाईवाला यांच्यातही एवढी नसते. कर मात्र सगळ्यांना सणसणीत.

"म्हंजे कालव्याच्या शेवटच्या रानालाबी पानी पोचतं," आबा म्हणाले. "आन साहेबाला चहा कोन आनून देतं?"

"स्वतःच उठून घेतो."

"मग साहेब हून उपेग काय?"

लताबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले, जमलंच म्हणून. तेवढ्यात आबा उठले. "नोकरी लई चांगली हाय ताई. पन पोरगी इतकी लांब द्यायची न्हाई."

दारात उभी मोनाली खाली बघू लागली. मी तोंडात आलं ते बोलले. "तिथे बाळ झालं की बापालाही वेगळी पगारी रजा असते. त्याने घेतली नाही तर बुडते. बायकोला देता येत नाही."

आबा थबकले. "बापाला? घरी बसाया?"

"बाळाला सांभाळायला."

ते मोनालीकडे बघत पुन्हा खाली टेकले. "हिच्या वक्ताला आवर्तन (कालव्याला पाणी सुटायची पाळी) चालू हुतं. दार सोडून हलता येईना. दवाखाना श्रीरामपुरात, मी हितं. बारशाला पैल्यांदा बगितली. हातात घेतली, तर रडाय लागली."

"आबा, हे कदी बोलला न्हाई तुमी," मोनाली हळूच म्हणाली.

"बोलायचं काय त्यात? पगार चालू हुता."

आबा बागेत गेले, पेरू तोडून आणले आणि माझ्या पिशवीत भरू लागले. "पोराला इचारा. ही रजा बुडवनार न्हाई म्हनला, तर माजी ना न्हाई."

मी तिथूनच फोन लावला.

"मावशी, अजून लग्न व्हायचंय!"

"आधी हो म्हण, मेल्या!"

"हो, हो, हो!" फोन सगळ्यांना ऐकू जात होता. लताबाई साखर आणायला धावल्या आणि मोनाली आबांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू?

परतीच्या गाडीत पेरूंचा घमघमाट सुटला होता. सरकारचा पगारावर किती खर्च होतो, हे मी आयुष्यभर बघितलं. दोन देशांची तुलना आताही कुणालाही ऐकवते, पण हल्ली सुरुवात बापाच्या रजेपासून करते.

चिपळूणला बहीण दारातच उभी होती. "जमलं का?"

मी पिशवी तिच्या हातात दिली. "निखिलची रजा मंजूर झाली. आता तेवढं लग्न उरकून घेऊ."