हात फिरवल्याशिवाय नाही

उलट्या केलेल्या सदऱ्यात कोपरापर्यंत शिरलेला अण्णांचा हात… वडील म्हटले की मला आधी तो हातच दिसतो. कानडी मुलखातल्या अग्रहार वस्तीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणाचं दुकान होतं. मशीनच्या तेलाचा, गरम इस्त्रीखाली वाफाळणाऱ्या ओल्या सुताचा आणि शेजारच्या फुलवालीकडच्या मोगऱ्याचा मिळून एक वास त्या खोलीत कायम मुक्कामाला असे. कपडा शिवून झाला, काजं-बटणं झाली की अण्णा तो उलटा करत, डोळे मिटत आणि तळहात आतून सावकाश फिरवत नेत… खांद्यावरून पाठीकडे, पाठीवरून काखेत, एकेका शिवणीवरून. राहून गेलेली टाचणी, तुटक्या सुईचं टोक, टोचणारी गाठ, जे काही असेल ते आधी त्यांच्या हाताला लागे. "डोळा फसतो गं, हात फसत नाही," असं ते म्हणत. गिऱ्हाईक दारात ताटकळत असो की बाहेर रिक्षा खोळंबलेली असो, हात फिरल्याशिवाय कपडा उंबरा ओलांडत नसे.

मी मात्र जन्माचीच उतावळी. गल्लीतल्या फुटबॉलच्या संघात मुलगी म्हणून मला आधी गटारात गेलेला चेंडू काढायच्या कामावर ठेवलं होतं. तिथून भांडत, गुडघे सोलत मी पुढच्या फळीत आले. भांडायचं कानडीत आणि रडायचं मराठीत, अशी माझी वाटणी होती. समोरच्या घरातला शिवू आमचा गोलकीपर. माझा जिवाभावाचा मित्र, आणि माझ्या प्रत्येक गोलनंतर स्वतःची जागा सोडून मैदानभर धावत येऊन मला मिठी मारणारा वेडा.

एका डिसेंबरात कुवेंपुनगरच्या मुलांशी सामना ठरला. त्यांच्याकडे विकतच्या जर्सी होत्या, आमच्याकडे घरचे सदरे. अण्णांनी पिवळ्या कापडाच्या जर्सी शिवायचं कबूल केलं, तेव्हा मी आनंदाने दुकानातच दोन उड्या मारल्या. पण शनिवारी एकादशी आली. विठ्ठलाच्या त्या दिवशी सुईत दोरा ओवायचा नाही, हा आमच्याकडे पणजोबांपासूनचा नेम. छातीवरचे लाल आकडे नुसते टाचण्या लावून राहिले. रविवारी पहाटे अण्णा मशीनवर बसले आणि एकेक आकडा शिवू लागले. घरचं काम शेवटी, ही शिंप्याची रीत. म्हणून माझी जर्सी सर्वांत खाली. ती मशीनवरून उतरली तेव्हा बाहेर मुलं माझ्या नावाने ओरडत होती आणि आतून आई कॉफीला हाक मारत होती.

"शिलाई झाली, हात राहिलाय," अण्णा उठता उठता म्हणाले. "आलोच. तोवर उचलू नको हं."

मी उचलली. अंगात घालतच पळाले.

धुकं वितळून चामुंडीची टेकडी नुकती दिसू लागली होती, गवत दवाने ओलं होतं… आणि मी गोल केला! ठरल्याप्रमाणे शिवू दोन्ही हात पसरून धावत आला, त्याने मला मिठी मारली, माझ्या छातीवर गाल दाबला आणि किंचाळून मागे कोसळला. आकड्याच्या काठात आडवी दडलेली टाचणी त्याच्या डोळ्याखाली घुसली होती. रक्ताची धार गालावरून पिवळ्या जर्सीवर आली. तो डोळा उघडत नव्हता. दवाखान्याच्या बाकावर बसून मी विठ्ठलाकडे एकच मागणं लावून धरलं होतं, माझा एक घे, पण शिवूचा राहू दे.

डोळा वाचला. बोटभर अंतराने वाचला. संध्याकाळी अण्णा मला घेऊन शिवूच्या घरी गेले. मी बोलायला तोंड उघडणार, तोच त्यांनी त्याच्या आईसमोर हात जोडले. "तप्पु नंदेम्मा. पिन् मरतुबिट्टे." चूक माझीच, टाचणी मीच विसरलो. ती माउली उलट त्यांनाच समजावू लागली, "परवागिल्ला अण्णा, कण्णु उळीतल्ला, साकु." डोळा राहिला, तेवढं पुरे. मी अण्णांच्या धोतरामागे मान खाली घालून उभी राहिले. मी गप्प राहिले. ते गप्प राहणं मला आजही टोचतं.

गल्लीत कुजबुज व्हायची ती झाली. टेलर अण्णांची नजर गेली म्हणे! दोन घरांनी मुलांचे युनिफॉर्म दुसरीकडे टाकले. मी रडत विचारलं, "तुम्ही खोटं का बोललात?"

"खोटं कसलं?" अण्णा म्हणाले. "कपडा माझ्या दुकानातून गेला ना? मग तो माझा. मी कॉफी प्यायला उठायलाच नको होतं." मला रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी शिवून झालेला एक परकर उलटा करून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "आता तू फिरव. डोळे मीट." त्या दिवसापासून दुकानातला शेवटचा हात माझा झाला.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली, मशीनही विकलं गेलं. मी त्याच शहरात, बोगादीत राहते आणि दर रविवारी सकाळी तिथल्या मैदानावर मुलांना फुटबॉल शिकवते. खेळ सुरू होण्याआधी माझा हात फिरतो… जर्सीच्या आतून, बुटांच्या तळव्यांवरून, नडग्यांवरच्या पट्ट्यांखालून. कडं, अंगठी, कानातलं, सगळं माझ्या डब्यात. गोलचा खांब दोन्ही हातांनी हलवून बघते, डुगडुगला तर वाळूच्या पोत्यांनी पक्का होईपर्यंत चेंडू माझ्या काखेत. डोक्याला मार लागलेलं मूल "मी बरा आहे, आंटी" म्हणून कितीही गयावया करो, त्या दिवशी ते परत मैदानात उतरत नाही. पालक घड्याळं दाखवतात. "मॅडम, बेग स्टार्ट माडी!" लवकर सुरू करा, असं एक गृहस्थ दर आठवड्याला ओरडतात. ओरडू देत. माझ्या मैदानावर आलेलं मूल माझं आहे, आणि मला कॉफीला उठायचं नाही.

गेल्या महिन्यापासून शिवू आपल्या धाकट्या लेकीला आणतो. नऊ वर्षांची अन्विता बापासारखीच गोलमध्ये उभी राहते. गेल्या रविवारी तिने अंगात घालण्याआधी पुढे केलेल्या जर्सीत मी हात घातला तेव्हा ती खुदकन हसली. "आंटी, अप्पा म्हणतात, तुमचे अण्णा पिन विसरले होते. म्हणून तुम्हाला भीती वाटते, हौदा, खरं ना?"

शिवू दोन पावलांवर उभा होता. गालावरची खूण आता सुरकुतीत मिसळली आहे. इतक्या वर्षांत त्याने माझ्यापाशी ती गोष्ट कधी काढली नव्हती, आणि मी ती काढू दिली नव्हती. माझा हात जर्सीत तसाच थांबला.

"नाही अन्विता," मी म्हणाले. सगळ्या मुलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. "अण्णा विसरले नव्हते. थांब म्हणून सांगून गेले होते. त्यांचा हात फिरायच्या आधी मीच जर्सी घेऊन पळाले. चूक माझी होती."

मी शिवूकडे बघितलं नाही, मला ते जमलं नाही. तो पुढे आला एवढं कळलं. त्याने लेकीची जर्सी माझ्या हातातून घेतली, उलटी केली, डोळे मिटले… आणि खांद्यावरून पाठीकडे, पाठीवरून काखेत, आपला तळहात सावकाश फिरवत नेला.