गिटारीचं दावं

जावईबापू गिटार हनुवटीनं ऐकायचे. ती लाल गिटार विजेवर वाजणारी, आणि सासऱ्यांच्या घरात तिची वायर जोडायची मनाई. विजेविना ती डासासारखी गुणगुणायची. मग गोठ्यातल्या खांबाला टेकून, तिच्या लाकडावर हनुवटी दाबून ते वाजवत बसायचे. म्हणायचे, “हाडातून येतो आवाज.” आम्हाला त्या गुणगुणीपलीकडं काही ऐकू यायचं नाही.

हैदराबादेत ते एका ऑर्केस्ट्रात होते. नामांतराच्या गडबडीत मराठवाड्यातले कार्यक्रम थांबले, म्हणून चार दिवसांसाठी सोनपेठजवळ आमच्या गावी सासरी आले. सासऱ्यांना मुलगा नव्हता. त्यांनी जावयाला आधी कडबा टाकायला लावला, मग औत धरायला. एसटीचा हॉर्न वाजला की जावईबापू मान वर करायचे. “निघावं म्हणतो,” एवढंच बोलायचे आणि पुढची पेंढी सोडायचे.

शेवटी सासरे म्हणाले, हे खूळ बाजारात नेऊन विका. गावात बैलांची दलाली मी करायचो, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. शाळेत मी दोन इयत्ता बसलो असेन, पण बाजारात माझा शब्द कुणी खाली पडू देत नव्हतं. बैलांच्या रांगेतच गिटार मांडली. राणीसावरगावच्या गाण्याच्या पार्टीचा माणूस आला. मी उपरण्याखाली त्याची बोटं दाबून सौदा केला आणि रिवाजाप्रमाणं वायर काढून घेतली. बैल विकला तरी दावं घरीच ठेवतात, गोठा रिकामा पडू नये म्हणून. तो माणूस कुरकुरला.

“दावं देत नसतो आमी,” मी ठणकावलं.

पुढच्या बाजारी तो माणूस गिटार घेऊन परत आला. वाजंना म्हणाला. सासरे दावं द्यायला तयार होईनात. तेव्हा जावईबापू म्हणाले, “मी नेतो, वाजवून दाखवतो.” घरी येऊन धुतलेला सदरा घातला, वायर पिशवीत टाकली. बायको दारात उभी होती, तिच्याकडं बघितलं नाही. एसटी हलली तसा मी मनात म्हणालो, सुटला गडी.

दिवेलागणीच्या एसटीनं परत आले.

“वाजली का, बापू?”

“लय वाजली. पोरं म्हनली, ऱ्हावा इथंच.”

“मग?”

“दावं परत आणायचं होतं ना.”

वायर त्यांनी स्वतःच गोठ्यातल्या खुंटीला अडकवली. ओसरीवरून सासरे म्हणाले, बैलं उपाशी हायत.

पार्टीनं नंतर दुसरी वायर आणली. बोलावणं काही आलं नाही. पुढं कितीतरी वर्षं जावईबापू नुसत्या खांबाला हनुवटी टेकून बसलेले दिसायचे.

ते वारल्यावर वायर मी माझ्या घरी आणून खुंटीला अडकवली. परवा भंगारवाला खुंटीकडं बोट करून म्हणाला, बाबा, ही देता का?

म्हणालो, दावं देत नसतो आमी.